आभासी वास्तव आणि वर्धित वास्तव : उपयोग व मर्यादा



हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला आभासी वास्तव आणि वर्धित वास्तव या दोन तंत्रांमधील भेद स्पष्ट करता येईल. एखाद्या कामासाठी यांपैकी कोणते तंत्र उपयोगी पडेल आणि कोणते निरुपयोगी ठरेल, याचा सकारण निर्णय घेता येईल. अशा तंत्रासाठी मराठी मजकूर लिहिण्याची वेळ आली, तर कोणती काळजी घ्यावी, हेही सांगता येईल. यांतील शेवटचे उद्दिष्ट आपल्या अभ्यासक्रमाला सर्वांत जवळचे आहे, म्हणून त्याला या घटकात अधिक जागा दिली आहे. यंत्रांचे वर्णन लवकर जुने होते. यंत्रावर काय लिहायचे हा प्रश्न मात्र भाषेच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

१. प्रास्ताविक

डोळ्यांवर बंदिस्त चष्मा चढवला की भोवतालची खोली नाहीशी होते आणि तिच्या जागी संगणकाने रचलेले दृश्य दिसू लागते. मान वळवली की दृश्यही वळते. हे आभासी वास्तव होय. दुसऱ्या प्रकारात भोवताल नाहीसा होत नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यातून किंवा पारदर्शक काचेतून आपण समोरची खरी वस्तू पाहत असतो आणि तिच्यावर एखादे चित्र, बाण किंवा मजकूर चढवलेला दिसतो. हे वर्धित वास्तव होय. पहिले तंत्र स्थळाची जागा घेते, तर दुसरे स्थळाला काहीतरी जोडते. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर आधारलेले आहे.

या तंत्रांचा इतिहास आपण समजतो तितका अलीकडचा नाही. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली की मेंदू त्यांतून खोली निर्माण करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली स्टिरिओस्कोपच्या साहाय्याने दाखवून दिले. डोक्यावर बसवायचा, मान वळेल तसे दृश्य बदलणारा पडदा आयव्हन सदरलँड यांनी १९६८ च्या सुमारास तयार केला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. वर्धित वास्तव ही कल्पना नावारूपाला आली ती १९९० च्या दशकाच्या आरंभी, बोइंग या विमान कंपनीत. विमानातील तारांचे जुडगे बांधणाऱ्या कामगारांना मोठमोठ्या फळ्यांवरील आकृत्या पाहून तारा लावाव्या लागत. प्रत्येक आकृतीसाठी वेगळी फळी करण्यापेक्षा ती आकृती चष्म्यातूनच फळीवर दिसावी, अशी कल्पना टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी मांडली. करमणुकीशी जोडले गेलेले हे तंत्र मुळात कारखान्यातील कामगाराच्या सोयीसाठी सुचले. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात विमाने बांधली जातात. त्या परिसरातील विद्यार्थ्यांना हे काम कसे असेल याची कल्पना सहज करता येईल.

२. संज्ञांचा विचार

मराठी संज्ञांकडे थोडे थांबून पाहू. इंग्रजीतील ‘व्हर्च्युअल’ या विशेषणाचा जुना अर्थ ‘नावाने नव्हे, पण गुणाने किंवा परिणामाने तेच’ असा आहे. आपण त्यासाठी ‘आभासी’ हा शब्द स्वीकारला. आपल्या परंपरेत ‘आभास’ म्हणजे जे नाही ते असल्यासारखे वाटणे. शिंपल्यावर चांदीचा आभास होतो. तर्कशास्त्रात हेत्वाभास असतो, काव्यशास्त्रात रसाभास असतो, आणि दोन्ही ठिकाणी काहीतरी उणे असल्याची सूचना असते. म्हणजे मूळ शब्द ‘परिणाम खरा आहे’ असे सांगतो, तर मराठी शब्द ‘दिसते ते खरे नाही’ असे बजावतो. काहींना हा अनुवादाचा दोष वाटेल. प्रस्तुत लेखकाला तो गुण वाटतो, कारण या तंत्राच्या दोन्ही बाजू या दोन शब्दांत मिळून येतात. कडा पाहून छातीत होणारी धडधड खरी असते, कडा खरा नसतो.

दुसऱ्या संज्ञेबाबत मात्र सावध राहावे. वर्तमानपत्रांत ‘संवर्धित वास्तव’ असा शब्द आढळतो. मराठीत संवर्धन म्हणजे जोपासना, जतन. पशुसंवर्धन, वृक्षसंवर्धन हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. एखाद्या प्राचीन वास्तूच्या संदर्भात ‘संवर्धित वास्तव’ असे म्हटले, तर वास्तूचे जतन झाले आहे असा भलताच अर्थ निघेल. म्हणून या घटकात ‘वर्धित वास्तव’ हा शब्द वापरला आहे.

३. आभासी वास्तव कोठे उपयोगी पडते?

जिथे जाणे धोक्याचे, फार खर्चाचे किंवा अशक्य असते, तिथे आभासी वास्तव उपयोगी पडते. वैमानिकांचे प्रशिक्षण हे त्याचे सर्वांत जुने उदाहरण आहे. जमिनीवरच विमान चालवण्याचा सराव देणारे यंत्र एडविन लिंक यांनी १९२९ साली बनवले होते. त्यात चित्र नव्हते, केवळ हालचाल आणि उपकरणे होती. आजचे सिम्युलेटर त्याचेच वंशज आहेत. हवेत इंजिन बंद पडल्यावर काय करावे, हे खरोखर इंजिन बंद पाडून शिकवणे परवडत नाही. जमिनीवरील यंत्रात चुकले तर धडा पुन्हा सुरू करता येतो.

नाशिकच्या दृष्टीने दुसरे उदाहरण गर्दीच्या नियोजनाचे आहे. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्ट रोजी शाही स्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरी होऊन ३० हून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. पंचवटीतील गल्ल्या अरुंद आहेत आणि रामकुंडाकडे उतरणारे रस्ते उताराचे आहेत. बंदोबस्तावरील पोलिसाला किंवा स्वयंसेवकाला लाखो लोकांच्या लोंढ्याचा अनुभव आधी देता येत नाही, कारण तो लोंढा बारा वर्षांतून एकदाच येतो. अशा वेळी रामकुंड परिसराची आभासी प्रतिकृती करून तिच्यात संगणकाने निर्माण केलेली गर्दी सोडली, तर कोणती गल्ली आधी तुंबते, कोणत्या कोपऱ्यावरून पुढचे दिसत नाही, अडसर कोठे लावावा आणि कोठे लावू नये, यांचा सराव करता येईल. निर्णय घेण्याचा असा सराव मोलाचा ठरेल यात शंका नाही.

परंतु या उदाहरणातच मर्यादाही दडलेली आहे. चेंगराचेंगरीत माणसे बहुधा गुदमरून दगावतात. मागून येणाऱ्या दाबामुळे छातीला फुगायला जागा उरत नाही. हा दाब चष्म्यातून जाणवत नाही. आभासी गर्दीत उभा असलेला स्वयंसेवक मोकळ्या खोलीत, मोकळा श्वास घेत उभा असतो. गर्दी दिसायला कशी असते ते तो शिकेल. ती अंगावर आल्यावर पाय रोवता येत नाहीत, हात वर करता येत नाहीत आणि आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही, हे त्याला कळणार नाही. असे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचा आत्मविश्वास वाढलेला असेल आणि अनुभव मात्र अपुरा असेल. हा धोका प्रशिक्षण देणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगायला हवा.

यावरून एक कसोटी हाती लागते. कामातील कौशल्य पाहण्यात आणि ठरवण्यात असेल, तर आभासी वास्तव पुष्कळ शिकवू शकते. ते हाताच्या दाबात, वजनात, वासात किंवा स्पर्शात असेल, तर ते फारसे शिकवू शकत नाही. ही कसोटी द्राक्षबागेला लावून पाहा. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील शेतकऱ्याला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांतील फरक आभासी बागेत उत्तम समजावता येईल. सहा महिन्यांची वाढ दहा मिनिटांत दाखवता येईल. हे प्रत्यक्ष बागेतही शक्य नाही. पण गोडी छाटणीत काडी किती डोळ्यांवर कापायची, हे कोणत्या डोळ्यात सूक्ष्मघड आहे यावर ठरते आणि ते काडी आणून, डोळा कापून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. बाहेरून सगळे डोळे सारखेच दिसतात. काडीवर बाण उमटवणारा चष्मा तेथे वर्धित वास्तव नव्हे, वर्धित अंदाज दाखवील. आणि कात्रीखाली पक्व काडी कशी लागते, कोवळी कशी लागते, हे हातालाच कळते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : आपण करीत असलेल्या नोकरीतील, शेतीतील किंवा घरातील एखादे कौशल्याचे काम निवडा. त्यातील कोणता भाग डोळ्यांनी शिकता येतो आणि कोणता हातानेच शिकावा लागतो, हे आठ ते दहा वाक्यांत लिहा.

४. शरीराचा नकार

चष्मा लावल्यावर अनेकांना मळमळते, डोके जड होते. यामागील कारण आपल्या सर्वांच्या अनुभवातले आहे. कसारा घाटातून एसटीने जाताना पुस्तक वाचत बसलात, तर गाडी लागते. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की शरीर वळते आहे, आणि पुस्तकावर खिळलेले डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. आभासी वास्तवात याच्या नेमके उलट घडते. डोळे म्हणतात आपण धावतो आहोत, कान म्हणतो आपण खुर्चीत बसलो आहोत. दोन साक्षी जुळत नाहीत आणि शरीर तक्रार करते. मान वळणे आणि दृश्य वळणे यांत थोडा जरी विलंब झाला, तरी हा त्रास वाढतो. म्हणून हा विलंब एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून कमी ठेवण्याचा निर्मात्यांचा प्रयत्न असतो. यंत्र सुधारले की विलंबाचा त्रास कमी होतो. बसल्या जागी धावण्याचा विरोधाभास मात्र यंत्र सुधारूनही पूर्णपणे जात नाही.

दुसरी अडचण डोळ्यांची. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातील भिंग जवळच्या अंतरावर जुळते. या दोन क्रिया जन्मभर जोडीने चाललेल्या असतात. चष्म्यातील पडदा मात्र एकाच ठरावीक अंतरावर स्पष्ट दिसेल असा बसवलेला असतो. डोळे चित्रातील जवळच्या फुलाकडे आत वळतात, पण भिंगाला त्या ठरावीक अंतरावरच राहावे लागते. ही फारकत थोडा वेळ चालते. अर्ध्या-पाऊण तासानंतर डोळे शिणतात. दिवसभर काम करून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला तासन्‌तास आभासी वर्गात बसवण्याची योजना कोणी मांडली, तर हा मुद्दा त्याच्यासमोर ठेवावा. आपले छापील पुस्तक या बाबतीत अजून पुढे आहे.

५. वर्धित वास्तव : त्रिरश्मी डोंगरावरील उदाहरण

वर्धित वास्तवाची गरज कोठे असते? जिथे आपण प्रत्यक्ष उभे आहोत, पण समोरची वस्तू आपल्याशी बोलत नाही, तिथे. नाशिकच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर कोरलेली चोवीस बौद्ध लेणी आहेत. पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. येणाऱ्यांपैकी बरेचजण पायऱ्या चढतात, थंड ओसरीत बसतात, छायाचित्रे काढतात आणि उतरतात. भिंतींवर कोरलेल्या ब्राह्मी अक्षरांकडे त्यांची नजर जाते, पण ती वाचता येत नाहीत. लेख समोर असून मुका आहे.

दहाव्या लेण्यातील एक लेख घेऊ. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी केलेल्या दानाची ही नोंद आहे. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. आपण हिशेब करून पाहा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, म्हणजेही दोनशे चाळीस. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब आजही चोख जुळतो. आणि ते गोवर्धन म्हणजे गंगापूर धरणाजवळचे, जिथून आपल्या विद्यापीठाची पुस्तके आपल्या घरी येतात, तेच गाव, असे मानले जाते.

आता कल्पना करा की भ्रमणध्वनी त्या भिंतीसमोर धरला आणि प्रत्येक ओळीवर देवनागरीतील वाचन, खाली मराठी अर्थ आणि बाजूला हा हिशेब उमटला. शाळेतील मुलाला जे शिलालेखांच्या जाडजूड ग्रंथातून कळणार नाही, ते उभ्या उभ्या कळेल. लेण्याला हात न लावता, फलक न ठोकता. वर्धित वास्तवाचा याहून योग्य उपयोग शोधून सापडणार नाही.

तांत्रिक अडथळे येथेही आहेत. वर चढवलेला मजकूर खऱ्या अक्षरांवर नेमका बसावा, ही या तंत्राची पहिली अट. रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ साली केलेल्या व्याख्येत ती स्पष्टपणे सांगितली आहे. खडकाच्या छताखाली उपग्रहाचा संकेत पोहोचत नाही, म्हणून यंत्राला कॅमेऱ्याच्या साहाय्याने जागा ओळखावी लागते. अंधारात कॅमेरा चाचपडतो, आणि एका विहारातील सगळ्या खोल्या जवळपास सारख्या दिसत असल्यामुळे त्याचा गोंधळ उडतो. बाहेर उन्हात वेगळीच अडचण. पारदर्शक काचेचा चष्मा प्रकाश जोडू शकतो, वजा करू शकत नाही. त्यामुळे भर दुपारी अक्षरे फिकट होऊन विरघळतात, आणि काळा रंग तर त्याला दाखवताच येत नाही.

या अडचणींतून निघालेली एक वाट नाशिकच्याच एका शास्त्रज्ञाने दाखवली आहे. नाशिकला जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये संशोधन करणारे रमेश रासकर यांनी, उत्तर कॅरोलिना विद्यापीठात शिकत असताना, १९९८ साली ग्रेग वेल्च आणि हेन्री फुक्स यांच्यासह वेगळा विचार मांडला. पडदा माणसाच्या डोक्यावर कशाला? प्रोजेक्टरने चित्र थेट वस्तूवरच टाकावे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी ताजमहालाच्या पांढऱ्या लाकडी प्रतिकृतीवर सर्व बाजूंनी असा प्रकाश टाकला की ती संगमरवरी भासू लागली. हे सर्वांना एकाच वेळी, चष्म्याविना दिसते. आजी, नातू आणि शेजारी एकत्र उभे राहून तेच पाहू शकतात, हा आपल्याकडे मोठाच गुण आहे. मात्र त्यासाठी पृष्ठभाग फिकट रंगाचा आणि जागा अंधारी हवी. लेण्यात अंधार आहे, पण आपला बेसाल्ट काळपट आणि खडबडीत आहे. एकच अट पुरी होते.

६. भाष्य की प्रक्षेप?

यंत्राचे प्रश्न अभियंते सोडवतील. लेखाचा प्रश्न आपला आहे. वर उल्लेखिलेल्या लेखातच पाहा. विणकरांसाठी ‘कोलिक’ हा शब्द आला आहे. मजकूर तयार करणाऱ्याने घाईने त्याचे ‘कोळी’ केले, तर पडद्यावर विणकरांचे मासेमार होतील आणि पाहणाऱ्याला शंकाही येणार नाही. दुसऱ्या ठेवीचे व्याज ‘कुसणमूला’साठी राखलेले आहे. या शब्दाचा अर्थ अभ्यासकांनी वेगवेगळा लावला आहे. पुस्तकात तळटीप देऊन ते मतभेद सांगता येतात. पडद्यावर एकच शब्द झळकतो आणि तो दगडावरच कोरलेला असल्यासारखा दिसतो.

लेण्यांच्या नावाचाही असाच प्रश्न आहे. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, शिलालेख भिक्षुसंघाला दिलेल्या दानांविषयी बोलतात. पडद्यावर पांडवांची चित्रे हलू लागली, तर लोकसमजुतीला दगडाचा पुरावा मिळाल्यासारखे होईल. आणि ‘पांडवलेणी’ हे नावच गाळून टाकले, तर कित्येक पिढ्यांच्या जिभेवरचा शब्द पुसला जाईल. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही सांगावे, पण एकाच रंगात सांगू नये.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर हस्तलिखितांमध्ये लोकांनी भक्तिभावाने आपापल्या ओव्या घुसवल्या होत्या. त्या ओव्या वाईट होत्या म्हणून नव्हे, तर मूळ ओव्यांपासून वेगळ्या ओळखू येत नव्हत्या म्हणून त्या प्रक्षेप ठरतात. ज्ञानेश्वरी स्वतः गीतेवर रचलेली आहे. पण ती टीका आहे, आपण कशावर बोलतो आहोत हे ती उघडपणे सांगते. टीकेने मूळ ग्रंथ समृद्ध होतो, प्रक्षेपाने तो गढूळ होतो. वर्धित वास्तवातील मजकूर टीकेसारखा असावा. दगडावर खरोखर असलेली अक्षरे एका रंगात, झिजून गेलेली व अभ्यासकांनी अनुमानाने भरलेली दुसऱ्या रंगात आणि आपले स्पष्टीकरण दगडाच्या बाहेर, समासात असावे. शिलालेखांच्या छापील आवृत्त्यांमध्ये गळालेली अक्षरे कंसात दाखवण्याची शिस्त आहे. ती पडद्यावर आणणे मुळीच अवघड नाही. आणि वाचकाला बोटाच्या एका स्पर्शाने सगळा चढवलेला मजकूर दूर सारून नुसता दगड पाहता आला पाहिजे.

लिहिण्याबाबत आणखी थोडे. हा मजकूर वाचणारा उभा असतो, त्याचा एक हात वर असतो आणि मागे लोक थांबलेले असतात. तीस-चाळीस शब्दांपलीकडे तो वाचत नाही. वाक्य लहान असावे, क्रियापद लवकर यावे, आणि जोडाक्षरांचा ढीग असलेला तत्सम शब्द टाळावा. ‘चीवर’ हा शब्द मात्र टाळू नये. त्याच्याऐवजी ‘कपडे’ लिहिले तर भिक्षू नाहीसे होतात. ‘चीवर, म्हणजे भिक्षूंचे वस्त्र’ असे लिहावे.

७. क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा जवळपासची एक मुकी वस्तू निवडा : वीरगळ, मंदिराच्या भिंतीवरील शिलालेख, बारव, गढीचा दरवाजा, बंद पडलेली गिरणी, काहीही चालेल. घराबाहेर पडणे शक्य नसेल, तर घरातील जुने जाते किंवा आजोबांची वही निवडा. तिच्यावर पडद्यात उमटेल असा मराठी मजकूर चाळीस शब्दांत लिहा. वस्तूवर प्रत्यक्ष दिसते ते निळ्या शाईने लिहा, गावातील माणसांनी सांगितलेले हिरव्या शाईने आणि आपला स्वतःचा तर्क पेन्सिलने. नंतर तो मजकूर त्या वस्तूसमोर उभे राहून, एक हात वर धरून, मोठ्याने वाचा आणि जिथे अडखळाल तेथील वाक्य बदला. दोन्ही मसुदे संपर्कसत्राला येताना सोबत आणावेत.